वाजवून घेतलेली जमीन

“नुसता बघतोस काय, वाजवून बघ! डोळा लाचखाऊ असतो रे, चकाकी दिसली की गप्प बसतो. कानाला लाच देता येत नाही.”

काम शिकवणारे उस्ताद जाऊन तीस वर्षं झाली, तरी हा आवाज मिस्त्रींच्या डोक्यात जसाच्या तसा होता. त्यातली खरखर, वाक्याच्या शेवटी येणारी खोकल्याची उबळ, आणि मागे थापीच्या लाकडी मुठीची टकटक. भरीव बसलेली फरशी ‘टण्’ बोलायची. खाली सिमेंटचा मसाला पोचला नसेल तर ‘ढब’. या दोन आवाजांच्या मधल्या जागेत मिस्त्रींनी आपलं सगळं आयुष्य उभं केलं होतं.

आता तो जुना आवाज तेवढा स्वच्छ ऐकू येई. बाकीचे एकेक करून निघून गेले, निरोप न घेता उठलेल्या पाहुण्यांसारखे. आधी पहाटेची पाखरं गेली. मग किटलीची शिट्टी. मग सुनेचं शिलाई मशीन नुसतंच हलताना दिसायला लागलं. उजव्या कानात थोडी धुगधुगी होती. माणूस समोर बसून बोलला तर अर्धं कानावर, अर्धं त्याच्या ओठांवर मिळे. पाठीमागून बोलला तर ते भिंतीशी बोलणं.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. तिने आपलं आपण ओळखलं आणि न बोलता त्यांच्या उजव्या हाताला बसायला लागली. कुणी काही विचारलं की ती मोठ्याने म्हणे, “अहो, हा विचारतोय, चहा टाकू का,” आणि प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचे.

गुडघे गेले तेव्हा त्यांनी गल्लीभर सांगितलं होतं. गुडघे गेले तर मिस्त्री म्हातारा होतो, त्यात लाज कसली! काम लेकीने उचललंच होतं. पण कान गेला तर मिस्त्री मिस्त्रीच उरत नाही. म्हणून दोन वर्षं कुणी “जरा येऊन वाजवून द्या हो” म्हणत आलं, की ते गुडघ्यांवर हात ठेवत. गुडघे बिचारे दोघांचा दोष वाहत होते.

पण आता जमीन स्वतःच्याच घरात घालायची होती, आणि स्वतःच्या घरात गुडघ्यांचं कारण चालत नाही.

*

दोन खोल्यांमधली भिंत पाडल्यापासून घरात एक मोठी, अंधारी खोली तयार झाली होती. भिंत पाडावी की नाही यावरून झालेलं भांडण केव्हाच मिटलं, पण तिच्या जागी सिमेंटचा एक ओबडधोबड पट्टा राहिला होता आणि त्याला रोज कुणी ना कुणी ठेचकाळे. नवी जमीन घालायची, यावर घराचं एकमत होतं. कसली घालायची, यावर दोघांचंही नव्हतं.

दुकानात टाइल्स भिंतीला टेकून उभ्या होत्या, वर्गाबाहेर काढलेल्या मुलींसारख्या ओळीने.

“मळखाऊ रंग बघा,” मास्तर म्हणाले. मिस्त्रींचा हा थोरला शाळेत भूगोल शिकवायचा आणि इथेही त्याला फक्त मातीचे प्रकार दिसत होते. “ही तपकिरी घ्या. खरखरीत आहे. दहा वर्षं पुसली नाही तरी कळायचं नाही.”

“म्हणजे दहा वर्षं पुसायची नाही असा बेत आहे तर,” त्याची बायको म्हणाली. “अहो, मळ काढायचाय की खाऊ घालून पोसायचाय?”

सून घरीच कपडे शिवायची. तिचा हात एका दुधी टाइलवर होता. पॉलिशची, चकचकीत, आत राखाडी रेषांचं हलकं जाळं, सायीखाली दूध हलावं तसं. दुकानातला दिवा त्या टाइलमध्ये पूर्ण उतरला होता.

“मी दिवसाचे आठ तास त्या खोलीत सुई ओवते,” ती म्हणाली. “एका खिडकीचा उजेड येतो, तोही जमीन पिऊन टाकते. ही घातली तर तोच उजेड दोनदा वापरता येईल. आणि सुई पडली तर दिसेल तरी. मागच्या महिन्यात ती तुमच्या टाचेने शोधली होती, आठवतंय ना?”

मास्तरांची टाच आपोआप उचलली गेली.

“वहिनीचं बरोबर आहे,” थापी म्हणाली. मिस्त्रींची ही धाकटी लेक. लहानपणी उशाखाली थापी घेऊन झोपायची म्हणून पडलेलं नाव आता तिच्या कामाच्या पाटीवरही होतं.

“तू गप्प,” मास्तर म्हणाले. “तुला बसवायची हौस. पुसायला आम्ही.”

“आम्ही म्हणजे कोण कोण?” सुनेने विचारलं.

मास्तरांच्या आई इतका वेळ नुसतं बघत होत्या. त्या दुकानदाराकडे वळल्या. “दादा, एक पेला पाणी मिळेल?”

त्याला वाटलं, बाईंना तहान लागली. त्याने लगबगीने पेला आणला. आईंनी तो दुधी टाइलवर सावकाश रिकामा केला, चपला काढल्या आणि वर पाय ठेवला.

“अहो बाई, ती सॅम्पलची आहे!”

“मीही सॅम्पलचीच आहे. घरात माझ्यासारखी एकच,” आई म्हणाल्या, आणि त्यांचा पाय सटकला. मास्तरांनी दंड धरला म्हणून निभावलं.

“झालं!” मास्तर म्हणाले. “निकाल लागला.”

सुनेचा चेहरा उतरला. तिने टाइलवरचा हात काढून घेतला, दुसऱ्याच्या बाळाला खाली ठेवावं तसा. थापीने ते पाहिलं. खिशातलं फडकं काढून तिने टाइल कोरडी केली. “आई, आता चाल.”

आई चालल्या. दोन पावलं गेल्या, दोन आल्या. मग मध्येच थांबून खाली बघत राहिल्या.

“अगं,” त्या हळूच म्हणाल्या, “यात माझे पाय दिसतात. किती दिवसांनी बघतेय. चांगले आहेत की अजून.”

मग त्या सरळ उभ्या राहिल्या. “न्हाणीघरात आणि ओट्यापाशी खरखरीत. मधल्या खोलीत हिची दुधी. दोन्ही दारांत पायपुसणी. ज्याचे पाय ओले त्याने पुसून यावं, जमिनीने किती जणांना सांभाळायचं?”

“आई, तू माझ्या बाजूला होतीस!”

“होते ना. पाणी वाळेपर्यंत.”

राहता राहिले मिस्त्री. दुकानात पंखे, माणसं, गाड्यांचा खडखडाट. त्यांच्या कानात त्या सगळ्याचं नुसतं पीठ होत होतं. कोण कोणाच्या बाजूला गेलं ते त्यांना कळलं नव्हतं. सगळे आपल्याकडे बघताहेत एवढं दिसलं. त्यांनी आधी तपकिरी टाइल उचलली, कोपऱ्याशी तीन बोटांवर तोलली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोकली. मग दुधी. दुधी टाइल बोटांतून मनगटापर्यंत थरथरली, धरलेल्या पाखरासारखी.

“ही,” ते म्हणाले.

सुनेला वाटलं, बाबांनी आपली बाजू घेतली. त्या आनंदात तिने घरी जाताना त्यांची पिशवी उचलली.

*

थापीने तीन दिवसांत जमीन घातली. जुनी फरशी काढली, तळ सारखा केला, दोऱ्या ताणल्या. दातेरी थापीने ती चिकट मसाला पसरे, तेव्हा नांगरलेल्या वावरासारख्या त्याच्या सरळ रेघा उठत. त्यावर टाइल ठेवायची, किंचित पुढे-मागे सरकवायची, रबरी हातोडीने बसवायची. मिस्त्री खुर्चीवरून बघत. त्यांच्या काळी सिमेंटचा गादीसारखा थर असे आणि टाइल आदल्या रात्री टबात भिजत घातलेली असे.

“तहानलेली फरशी मसाल्याचं पाणी पिऊन टाकते,” ते लेकीला म्हणाले.

“बाबा, हा मसाला वेगळा. याला टाइलची पाठ कोरडीठाक लागते.”

ती गोणी फोडत होती, पाठ त्यांच्याकडे होती. मिस्त्रींनी मान डोलावली. ऐकू न आलेल्या गोष्टींना ते अशीच मान डोलावत.

तिसऱ्या दिवशी सकाळी थापी यायच्या आधी त्यांनी शेवटची पेटी उघडली. मागच्या अंगणातल्या टबात चार-चार टाइल्स बुडवल्या. बुडबुडे येतात का बघितलं. नव्या टाइलला फारशी तहान नव्हती, पण त्यांनी तिला आग्रह केला. मग एकेक बाहेर काढून पंच्याने पुसली आणि पुन्हा पेटीत लावली. पुढून आरशासारखी पुसली. मागच्या खाचांत पंचा पोचला नाही. किती दिवसांनी त्यांच्या हाताला काम मिळालं होतं. लेकीला म्हणाले काहीच नाहीत. मदत सांगून करायची नसते, असं त्यांना वाटे.

त्यातल्या बऱ्याचशा, थापीने बसवायला घेईपर्यंत वाळल्या. तळाच्या तीन वाळल्या नाहीत. त्या खिडकीखाली बसल्या. संध्याकाळचं काम, उतरता उजेड. थापीने पाठ तपासायची राहिली ती नेमकी याच तीन टाइल्सची.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत ऊन आलं आणि सून दारातच थांबली. खिडकी जमिनीत उतरली होती. छतावर उजेडाची एक चादर हलत होती. तिचं मशीन, कापडाची चळत, भिंतीवरची टेप, सगळ्यांना जणू आज नवीन डोळे आले होते.

सांधे अजून भरायचे होते. त्याआधी मिस्त्रींनी जमीन वाजवायची, हा घराचा नेम. दुपारी वाचनालयाच्या ग्रंथपालबाई येणार होत्या. त्यांच्या नव्या वाचनकक्षाची जमीन थापीला द्यायची की नाही, ते त्या ही खोली बघून ठरवणार होत्या. थापीने इतकं मोठं काम अजून घेतलं नव्हतं. मास्तरांनीच शब्द टाकला होता.

मिस्त्री पाटावर बसले आणि सरकत सरकत एकेक फरशी वाजवू लागले. उजव्या हातात थापी, मूठ खाली. डावा तळवा फरशीवर पसरलेला. सून खिडकीशी बसून हे बघत होती. पूर्वी डावा हात असा नसायचा, तिला वाटलं. पूर्वी तो कानामागे असायचा.

टण्. टण्. टण्.

खिडकीखाली ते आले.

ढब.

सुनेने वर पाहिलं. मिस्त्रींचा तळवा क्षणभर रेंगाळला, आणि पुढे सरकला. ढब. ढब. मग पुन्हा टण्.

“भरीव,” शेवटची फरशी झाल्यावर ते म्हणाले. “सगळी भरीव.”

ते चहाला उठल्यावर सुनेने बोटातलं शिवणाचं धातूचं अंगुस्तान त्या तीन फरश्यांवर टिचकवून पाहिलं. मग ती स्वयंपाकघरात गेली. थापीच्या कानाशी लागून म्हणाली, “खिडकीखाली तीन पोकळ आहेत. मी काही मिस्त्री नाही, पण भांडं भरलेलं की रिकामं, ते मला कळतं.”

थापी आली, गुडघे टेकून तिने मूठ वाजवली. ढब. बाजूला पडलेली पत्र्याची पट्टी तिने सांध्यात घातली आणि टाइल उचलली. ती सहज निघाली. खाली मसाल्याच्या रेघा दाबल्या गेल्या होत्या, पण एकही टाइलला धरून आलेली नव्हती. पाठ स्वच्छ. खाचेत बोट घातलं तर ओल.

तिने मागच्या दारातून अंगणातल्या टबाकडे पाहिलं. त्याच्या काठावर पंचा वाळत होता.

“बाबा,” ती मनात म्हणाली, आणि तिला हसू आलं. मग ते हसू अर्ध्यावर थांबलं.

“काय झालं?” मास्तर आले. टाइल बघून त्यांचा आवाज चढला. “पोकळ? मी तिथे काय सांगून आलोय ठाऊक आहे? माझ्या बहिणीच्या हातची जमीन म्हणजे दगडावरची रेघ, असं सांगून आलोय!”

“हळू,” सून म्हणाली.

“आणि बाबा तर म्हणाले, भरीव! बाबांचा कान कधी चुकलाय?”

“चूक माझी आहे, दादा,” थापी म्हणाली. “मसाला कमी पडला.”

सुनेने तिच्याकडे, मग त्या ओल्या खाचेकडे पाहिलं, आणि टाइल उचलून भिंतीशी उभी केली. दुकानात सुनेच्या बाजूने सगळ्यात आधी थापीच बोलली होती. थापीचं गुपित थापीपाशीच राहू द्यावं.

*

आई अंगणात टब पालथा घालत होत्या. ओठांत त्यांची नेहमीची गुणगुण होती.

*भुई म्हणे पावलाला, जरा थांब बाई,*
*माझ्या पोटातलं कुणा सांगितलं नाही.*

थापी येऊन पायरीवर बसली.

“आई, मी नऊ वर्षांची होते. शेजारच्यांच्या ओसरीत अकरा फरश्या बसवल्या होत्या. बाबांनी वाजवल्या, एक पोकळ निघाली. त्यांनी मला अकराच्या अकरा काढायला लावल्या. मी रडत होते, तरी काढायला लावल्या.”

“आठवतंय. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.”

“मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तेव्हा मला वाटलं, हे मला मिस्त्री समजतात.” तिने नाक ओढलं. “आज तीन पोकळ ऐकल्या आणि भरीव म्हणाले. पोरीला सांभाळून घेतलं. इतकी वर्षं काम करून शेवटी मी त्यांच्या लेखी पोरच.”

आईंचा हात टबावर थांबला. लेकीला काय सांगायचं ते जिभेवर आलं होतं. पण ते त्यांचं नव्हतं. दुसऱ्याच्या ताटातलं आपण कसं वाढायचं?

“तू तोंड धू,” त्या म्हणाल्या. “बाई यायची वेळ झाली.”

मग त्या आत गेल्या. मिस्त्रींच्या उजव्या हाताला बसल्या. नुसतं खिडकीकडे बोट केलं.

मिस्त्री उठून गेले. उपटलेली टाइल भिंतीशी पालथी उभी होती. त्यांनी तिच्या खाचेत बोट घातलं. ओल. खाली मसाल्याच्या रेघा कोरड्या, टाइलला न चिकटलेल्या. या रेघा वाचायला कान लागत नाही. उरलेल्या दोन फरश्यांकडे त्यांनी पाहिलं. तळवा ठेवला. सकाळी त्याला जरा वेगळं काही लागलं होतं खरं. आपण ते म्हाताऱ्या हाताचं कापणं समजून पुढे सरकलो होतो.

*

ग्रंथपालबाई चष्मा पुसत आल्या, पायपुसण्यावर पाय पुसून उभ्या राहिल्या. “अगंबाई, किती उजेड हा!” त्या म्हणाल्या. “आमची वाचणारी माणसं इथून उठायचीच नाहीत.”

सुनेचा चेहरा फुलला. मास्तर पुढे झाले, त्या उघड्या चौकोनापुढे उभे राहिले, भूगोलाचा नकाशा झाकावा तसे हात पसरून. “या ना, इकडून बघा, इकडून छान दिसते.”

“दादा, बाजूला हो,” थापी म्हणाली. “बाई, तीन फरश्या पोकळ आहेत. एक काढलीय, दोन काढायच्या आहेत. ती माझ्या हातची चूक आहे. आधी सांगितलेलं बरं.”

सगळे तिच्याकडे बघत होते. मिस्त्रींना आवाज आला नाही. पण ‘माझ्या’ म्हणताना तिचे ओठ मिटले, तिने छातीवर बोट ठेवलं, ते त्यांना दिसलं. उस्तादाचा आवाज डोक्यात खोकला.

“तिची नाही,” ते म्हणाले. आवाज गरजेपेक्षा मोठा होता. तो किती मोठा आहे हे आता त्यांना कळत नसे. “ती पेटी मी भिजवली. तिला न सांगता. जुनी खोड.”

“बाबा, राहू दे ना,” थापी म्हणाली.

“म्हणजे?” मास्तर गोंधळले. “पण तुम्ही तर सकाळी वाजवल्या. भरीव म्हणालात.”

आई जागेवरून उठल्या नाहीत. हा प्रश्न त्यांनी मोठ्याने पुन्हा विचारला नाही. पण मिस्त्रींना तो सगळ्यांच्या तोंडावर वाचता आला.

ते खाली बसले. गुडघे कुरकुरले, पण दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यावर कानांच्या दोषाचा बोजा नव्हता. खाली पडलेली थापी उचलून तिची लाकडी मूठ त्यांनी लेकीपुढे धरली.

“नऊ वर्षांची असताना अकरा काढायला लावल्या होत्या तुला,” ते म्हणाले. “आज या तीन सोडल्या, त्या तुला पोर समजून नाही, हे आधी ध्यानात घे.”

तिने मूठ हातात घेतली. त्यांनी आपला डावा तळवा जमिनीवर पालथा ठेवला. त्या चकाकत्या जमिनीतून त्यांचाच दुसरा हात खालून त्याला येऊन भिडला.

“मला ऐकू येत नाही, थापे. दोन वर्षं झाली. आता तू वाजव, आणि मला सांग.”